खोड्यातलं सोवळं

सोवळ्यात स्वयंपाक करणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जनावरांच्या दवाखान्यातली शस्त्रक्रिया परकी वाटायची नाही. डॉक्टर कोपरापर्यंत हात घासून धुतात आणि ते छातीपुढे धरून उभे राहतात. कुठे टेकत नाहीत, कुणाला शिवत नाहीत. कापड चिमट्यानेच उचलायचं. धक्का लागला, की पुन्हा पहिल्यापासून. फरक पडतो तो गाईपाशी. आजीच्या लेखी शेणाने सारवलं की घर शुद्ध. इथे त्याच शेणाचा शिंतोडा उडाला की सगळी मांडामांड बाद, कारण धनुर्वाताचे बीजाणू शेणामातीतच नांदतात.

वैरणीबरोबर तार गिळलेली गाय दवाखान्यात येते. तिला खोड्यात उभी करतात, डाव्या कुशीत भूल देतात आणि कोठीपोट उघडून आत हात घालून तार शोधतात. शेपूट आधीच बांधून ठेवलेली असते. शेपटीला सोवळं कळत नाही. कोठीपोटात अब्जावधी जंतू, आणि त्यांच्यावाचून गाईला वैरण पचत नाही. आत असतील तोवर ते अन्नदाते. पोटाच्या पोकळीत सांडले, की तेच जिवावर उठतात. म्हणून हत्यारांचे दोन संच: एक कोठीपोटात जाणारा, ओवळा, दुसरा कूस शिवायला राखलेला. मधे हातमोजेही बदलायचे.

हत्यारं नुसती उकळून भागत नाही. महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांवर, पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. सांगलीत कृष्णाकाठी थोडं जास्त. बीजाणू दोन्हीकडे तग धरतात. त्यांना 15 पौंड दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते, तीही थेट भिडली तर. चिमट्याच्या सांध्यात रक्त वाळलेलं असेल, तर वाफ बाहेरच राहते. म्हणून ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या यंत्राच्या, आधी दवाखान्यातल्या ड्रेसरचा ब्रश. वाफवलेल्या कापडांच्या गठ्ठ्यावरच्या खूणपट्टीच्या रेघा काळ्या झाल्या, तरी गठ्ठा तापला एवढंच कळतं. ठासून भरलेल्या कापडांच्या पोटात वाफ शिरली का, ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. सांगलीकडच्या येडेमच्छिंद्रचे, सत्यशोधक विचारांचे नाना आजीच्या सोवळ्यावर तुटून पडले असते. त्यात माणसांचाच विटाळ व्हायचा. या सोवळ्याला मात्र त्यांनी हरकत घेतली नसती. इथे पाटील, पुजारी आणि डॉक्टर, तिघांचेही हात सारखेच मळके मानतात आणि सूट कुणालाच नाही. गाईला तेवढी आहे. ती शस्त्रक्रिया चालू असतानाच निवांत शेण टाकते.