दिवे विझवा, यादी दाखवा

सीईटीचा निकाल लागला, इंजिनिअरिंगची पहिली फेरी तोंडावर आली की छत्रपती संभाजीनगरातल्या घराघरांत एक वाद हमखास सुरू होतो. कॉम्प्युटर तयार घ्यायचा की जोडून? कारण सांगितलं जातं अभ्यासाचं. मुलांनो, गेम खेळायचा आहे हे घरात सरळ सांगा. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

कारण पुढचा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे. कोणता गेम?

व्हॅलोरंट चालवायला कंपनीने सांगितलेली किमान गरज आहे इंटेल एचडी ४०००, म्हणजे २०१२ सालचं, प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स. वेगळं कार्डसुद्धा लागत नाही. मोठे, चित्रपटासारखे गेम उंच सेटिंगवर खेळायचे असतील तर मात्र निम्मं बजेट कार्डावरच जातं. गेमचं नाव न विचारता मशीन सुचवणारा दुकानदार तुमची गरज भागवत नाही, त्याचा माल खपवतो.

मग वडील म्हणतात, कंपनीचाच घेऊ. असेंबल्डचा भरवसा नाही.

का नाही? आपल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या बाहेरून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या गेल्या. त्या गाड्यांना कुणी दुय्यम म्हटलं? कंपनीचा कॉम्प्युटरही कुठेतरी, कुणीतरी जोडलेलाच असतो. फरक एवढाच, जोडताना तुम्ही तिथे नसता.

खोक्यावरचं नाव कुणाचंही असो, आत प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा असतो आणि ग्राफिक्सची चिप बहुतेक वेळा एनव्हिडियाची किंवा एएमडीची. ते लपवता येत नाही, कारण जाहिरातच त्यावर चालते. मग काटछाट कुठे होते? एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, मदरबोर्डमध्ये, आठ-आठच्या दोन काड्यांऐवजी सोळा जीबीची एकच रॅम बसवण्यात. ग्राहक जिथे बघत नाही, तिथेच पैसा वाचतो.

काही मोठ्या ब्रँडच्या मशीनमध्ये तर मदरबोर्ड आणि एसएमपीएसचे आकार, पिना सगळंच आपापलं. तीन वर्षांनी दमदार कार्ड टाकायचं ठरवलं की कळतं, एसएमपीएस बदलायचा तर बाजारातला बसतच नाही. हवं होतं नवं कार्ड, घ्यावं लागतं नवं मशीन.

म्हणजे जोडूनच घ्यावा? थांबा. त्या बाजूलाही अंधभक्त कमी नाहीत.

यूट्यूबवर ज्या मशीनच्या तापमानाचे आलेख दाखवतात, ते मशीन एसी खोलीत ठेवलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पोराची खोली बहुधा गच्चीखालची. खोली पंधरा अंशांनी तापली की आतली चिपही जवळपास तेवढीच तापते. मग ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. व्हिडिओतला वेग हवा असेल तर आधी हवा द्या.

आणि आपण काय घेतो? समोरून बंद काचेचं कॅबिनेट. काचेतून दिवे दिसतात, हवा जात नाही.

जाळीचं तोंड, पुढे दोन पंखे, मागे एक, धूळ अडवणारी गाळणी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एवढं पुरेसं आहे आणि एवढं लागतंच. आणखी एक. खिडकीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्याच्या ओलसर हवेत धूळ चिकटून बसते. माणसाला गारवा मिळतो, मदरबोर्डाला गंज.

आता विजेकडे या. सगळ्यात मोठा निष्काळजीपणा इथेच होतो.

पन्नास हजारांचा ऐवज कॅबिनेटसोबत फुकटात आलेल्या एसएमपीएसवर चालवायचा, ही कुठली काटकसर? झोत आला, व्होल्टेज उडालं, की पहिला मार तोच झेलतो. चांगला असेल तर एकटा जातो. भिकार असेल तर मदरबोर्डाला सोबत घेऊन जातो.

‘८० प्लस’ची पट्टी बघून खूश होणाऱ्यांसाठी: ते वीज किती वाया जाते याचं प्रमाणपत्र आहे, संरक्षणाचं नाही. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळं विचारावं लागतं.

घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. एकट्या आरटीएक्स ५०६० कार्डाची भूक १४५ वॉटची. प्रोसेसर, मॉनिटर आणि बाकीचा पसारा धरला की आकडा सहज तीनशेच्या घरात जातो. वीज गेली की यूपीएसही किंचाळून मान टाकतो. हजार व्हीएच्या खाली विचारच करू नका.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर दुकानदाराला नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग नाही. गेमिंग मशीनचा पहिला पार्ट भिंतीत असतो.

आता फसवणुकीबद्दल.

“आय-७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, सब गेम चलेगा.” किंमत वीस-पंचवीस हजार. बाप भुलतो, पोरगा नाचतो.

आय-७, पण कुठल्या पिढीचा? आय-७ २६०० बाजारात आला २०११ साली. आय-७ ३७७० आला २०१२ साली. २०२२ चा साधा आय-३ १२१०० या दोघांनाही आरामात मागे टाकतो. विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते ४ जीबीचं कार्डही अनेकदा निघतं जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचं. एवढं सगळं जुनं आणि नवं काय? दिवे.

बरं, ‘विंडोज टाकून देतो’ हेही ऐकून घ्या. टाकून देतो म्हणजे बहुधा चोरीची. बिलात तिची ओळ आहे का बघा. नसेल तर त्याच मशीनवर तुमच्या बँकेचा पासवर्ड टाकायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या शहरात खरं तर तिसराच मार्ग चालतो. सगळे पार्ट मागवून घरी स्वतः जोडणारे थोडे. बहुतेक जण यादी दुकानदाराच्या हाती देतात आणि तो जोडून देतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जोडणाऱ्या हातावर शंका घ्यायचं कारण नाही. शंका घ्यायची ती बिलावर.

पक्कं हवं की कच्चं? हा प्रश्न आला की सावध व्हा. १८ टक्के जीएसटी वाचवण्याच्या मोहात कच्च्या चिठ्ठीवर मशीन घेणारे तीन वर्षांची वॉरंटी काउंटरवरच सोडून येतात. जोडलेल्या मशीनमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. प्रोसेसरला आणि कार्डाला साधारण तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच, रॅमला त्याहून बरीच जास्त. ती मागायची तर बिल लागतं, सिरियल नंबर लागतो. कागद नाही तर हक्क नाही.

तयार मशीनला बहुधा वर्षभराची वॉरंटी, पण सगळ्याची मिळून एक आणि फोनही एकच. जोडलेलं मशीन बिघडलं तर नेमकं काय बिघडलं, ते आधी शोधावं लागतं. घरात स्क्रूड्रायव्हर धरणारं कुणी आहे का? नसेल तर त्या एका फोनचे जास्तीचे पैसे द्या. ते वाया जात नाहीत.

‘जोडलेला नेहमी स्वस्त’ हा समज मात्र डोक्यातून काढा.

२०२०-२१ मध्ये चिपटंचाई आणि क्रिप्टोचं मायनिंग यांनी ग्राफिक्स कार्डं बाजारातून गायब केली. तेव्हा तयार मशीन घेणाऱ्यालाच शहाण्या भावात कार्ड मिळत होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग बंद झालं आणि राबवून काढलेली कार्डं जुन्या बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी गिळायला सुरुवात केली, रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायची घोषणा केली. अशा दिवसांत जुन्या भावातली रॅम बसवून ठेवलेलं तयार मशीन स्वस्त पडू शकतं. म्हणून भाव या आठवड्याचा बघा. गेल्या दिवाळीच्या व्हिडिओतला आता कुणी देणार नाही.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

हे वाळूजचं शहर आहे. १९८५ पासून इथे बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्याभोवती उभे राहिलेले लहान-मोठे व्हेंडर. तिथे ड्रॉइंग नंबर नसलेला पार्ट कुणी हातात घेत नाही. तपासणीचा कागद नसेल तर माल गेटवरून परत जातो. तिथेच क्वालिटीत काम करणारा माणूस संध्याकाळी मुलाला घेऊन दुकानात जातो, ‘एकदम हेवी मशीन आहे सर’ ऐकतो आणि कार्ड स्वाइप करतो. दिवसभर मायक्रॉन मोजणारा माणूस दुकानात दिवे मोजतो.

कारखान्यातली शिस्त घरच्या पैशाला का लागू नाही?

सात नावं मागा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. प्रत्येकाची कंपनी आणि पूर्ण मॉडेल, कागदावर. ‘१६ जीबी रॅम’ हे नाव नाही. ‘५०० वॉट’ हेही नाव नाही. तयार मशीन विकणाऱ्याकडेही मागा आणि जोडून देणाऱ्याकडेही. ‘कंपनी सांगत नाही’ असं उत्तर आलं तर तुम्हीही पैसे काढू नका.

मशीन हाती आलं की तिथेच चालवून बघा. सगळ्यात जड गेम, अर्धा तास. मॉनिटरची केबल मदरबोर्डात नाही, कार्डात लावलेली हवी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला नसावा. रॅमचा पूर्ण वेग बायोसमध्ये चालू केलेला हवा. पैसे मोजूनही कित्येक जण निम्मंच मशीन वापरतात, कारण कुणी तपासलंच नाही.

माझं मत विचाराल तर मी जोडण्याच्या बाजूचा आहे. स्वस्त पडतं म्हणून नाही. १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या शहरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला निघालेल्या पोरांनी रॅम कशी बसते हे निदान एकदा हाताने करून बघावं, म्हणून. दुकानदाराला सांगा, पोरांना समोर बसवा, प्रोसेसर त्यांच्या हाताने बसू द्या. त्याला जोर लागत नाही, नजर लागते. आणि कॉलेजला मुलगी जाणार असेल तर तिला बाजूला उभं करून भावाच्या हाती स्क्रूड्रायव्हर देऊ नका. मशीन तिचं आहे.

तरीही तयारच घ्यायचं ठरलं तर खुशाल घ्या. सात नावं जो लिहून देईल, तो भरवशाचा. मग तो ब्रँड असो की गल्लीतला दुकानदार.

आणि सहाच नावं लिहून देणारा भेटला, तर राहिलेलं सातवं एसएमपीएसचं असेल. तिथून निघा.