इमिजिएट जॉइनर

सकाळी पावणेनऊ ही आमच्या दादाची वेळ. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. वय चव्वेचाळीस, मुक्काम सिंहगड रोड, नोकरी... तर त्याचंच सगळं चाललंय. चहाचा दुसरा कप शेजारी ठेवून तो लॅपटॉप उघडतो, नोकरी डॉट कॉमवरचं आपलं प्रोफाइल काढतो, रेझ्युमे हेडलाइनच्या शेवटी असलेला पूर्णविराम खोडतो आणि सेव्ह करतो. दुसऱ्या दिवशी तोच पूर्णविराम परत देतो. सेव्ह. ‘नऊला एचआरवाले लॉगिन करतात. नुकतं अपडेट झालेलं प्रोफाइल वर दिसतं. तू घोरत असतोस तेव्हा बाजार उघडतो, बाबा!’ इतक्या महिन्यांत त्या हेडलाइनमधला एक शब्द हललेला नाही. पण पोर्टलच्या लेखी दादा रोज ताजा.

ही विद्या घराण्यातच आहे. आतोबांकडे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड होतं. मुदत भरत आली की रास्ता पेठेत जायचं, रांगेत उभं राहायचं, रिन्यू करून आणायचं. चुकलं की सीनियॉरिटी गेली! आतोबांनी एकदाही चुकवलं नाही. एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटले, लग्न झालं, दादा झाला, तरी रिन्यूअल चालूच. अखेर एक्स्चेंजचा कॉल आला तेव्हा दादाची मुंज होऊन गेली होती. आतोबांनी ते पत्र नीट फाइलला लावलं आणि म्हणाले, ‘बघा, यंत्रणा काम करते. जरा वेळ लागतो, इतकंच.’ पुढे 1997 मध्ये नोकरी डॉट कॉम निघालं आणि ती रांग दिवाणखान्यात आली.

दादा हिंजवडीतल्या एका कंपनीत मॅन्युअल टेस्टिंगमध्ये होता. दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, पुणेकराला आणखी काय हवं? मग ऑटोमेशन आलं, क्लायंटने प्रोजेक्ट गुंडाळला आणि दादा बेंचवर आला. एक दिवस एचआरच्या पोरीने खोलीत बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, की राजीनामा तुम्हीच द्या सर, म्हणजे रिलिव्हिंग लेटर स्वच्छ राहील. त्या संध्याकाळी दादा घरी येऊन वहिनीला म्हणाला, ‘एका अर्थी बरंच झालं. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडपायीच माझं अडत होतं. आता मी इमिजिएट जॉइनर!’ वहिनी शाळेत शिक्षिका आहे. ती काही बोलली नाही. दुधाचा रतीब तेवढा तिने एक लिटरचा अर्धा लिटर केला.

‘काय रे, झालं का काही?’ असं कुणीही विचारलं की दादाचं उत्तर ठरलेलं : ‘दोन-तीन ठिकाणचं पाइपलाइनमध्ये आहे.’ पुण्यात गुरुवारी पाणी बंद असतं. दादाच्या पाइपलाइनला मात्र आठवडाभर गुरुवार.

त्याचा सगळ्यात मोठा विश्वास एटीएसवर. म्हणजे ते कंपन्यांचं सॉफ्टवेअर, जे म्हणे माणसाच्या आधी रेझ्युमे वाचतं. आत्या साडेसातीबद्दल जितक्या दबक्या आवाजात बोलते तितक्याच दबक्या आवाजात दादा एटीएसबद्दल बोलतो. त्याला टेबल चालत नाही, दोन कॉलम चालत नाहीत, फोटो तर मुळीच नाही. मग कुणीतरी दादाला तोडगा सांगितला, की जेडीमधले, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शनमधले, सगळे शब्द रेझ्युमेच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत टाकून दे. माणसाला दिसत नाहीत, मशीनला दिसतात. दादाने टाकले. आणि खरंच, इंटरव्ह्यूचा कॉल आला! घरात कुकर बंद, बेलवर चिठ्ठी चिकटवलेली, वर ब्लेझर आणि खाली बर्म्युडा घालून दादा कॅमेऱ्यासमोर. पॅनेलवरच्या माणसाने पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुमचा कुबरनेटीसचा अनुभव सांगा.’

दादा गडबडला. म्हणाला, ‘सर, ते तुम्हाला दिसलं कुठे?’

त्यानंतर पाचच मिनिटांत कुकर लागला.

पण हार मानणं त्याच्या पत्रिकेत नाही. आठवडाभरात तो लिओनार्दो दा विंची घेऊन आमच्याकडे हजर. ‘1482च्या सुमाराची गोष्ट आहे. मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागायला त्याने पत्र लिहिलं. काय लिहिलं असेल? मी पूल बांधतो, मी तोफा करतो, मी शत्रूच्या खंदकातलं पाणी काढतो. चित्रं काढतो हे कुठे? पार शेवटी! कारण समोरच्याला लढाया करायच्या होत्या. याला म्हणतात जेडी वाचून सीव्ही लिहिणं!’ मी म्हटलं, ‘दादा, पण त्याला तोफा करता येत असतील.’ यावर तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग बायकोकडे चहा मागितला. माझ्या बायकोकडे.

मध्ये त्याने लिंक्डइनच्या फोटोभोवती ते ‘ओपन टू वर्क’चं हिरवं कडं लावलं. त्या दिवशी आत्याने नेमका त्याचा मोबाइल पाहिला. ‘अरे मेल्या, जिवंतपणी फोटोला हार कसला घालतोस!’ म्हणून तिने ते तिथल्या तिथे काढायला लावलं आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. ‘माझा रीच आईने मारला,’ असं दादा अजून म्हणतो.

लग्नामुंजीत तर त्याच्या शेजारी जेवायला बसणं म्हणजे राउंड वनच. मागच्या महिन्यात एका मुंजीत चुलतबहिणीचा नवरा पंगतीत सापडला. जिलबी वाढणारा पुढे सरकतो न सरकतो तोच दादा त्याच्या कानाशी लागला : ‘भावोजी, तुमच्या कंपनीत रेफरल बोनस असतो ना? मग माझं नाव टाकाच. नोकरी मला, बोनस तुम्हाला!’ भावोजींनी मान डोलावली. घास तोंडात असलेला माणूस आणखी करणार तरी काय?

गंमत अशी, की स्वतःच्या रेझ्युमेत अकरा वर्षांचं आयुष्य दोन पानांत कोंबताना घामाघूम होणारा हा माणूस दुसऱ्याचा रेझ्युमे अर्ध्या तासात लख्ख करून देतो. सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा आयटीआयचा फिटर. त्याचा बायोडेटा ‘माझी आवड : क्रिकेट, स्वभाव : मनमिळाऊ’ अशा थाटाचा होता. दादाने त्याला समोर बसवलं. कोणत्या मशीनवर हात बसलाय, व्हर्निअर वाचता येतो का, ड्रॉइंग कळतं का, असं खोदून खोदून विचारलं आणि सगळं एका पानावर आणलं. मनमिळाऊपणा काढून टाकला. पोरगा महिन्याभरात चाकणला लागला. त्याचा बाप नारळ घेऊन आला तेव्हा दादा बर्म्युडावरच होता; धावत आत जाऊन त्याने पँट चढवली आणि मगच नारळ घेतला. एरवी इंटरव्ह्यूलाही न चढलेली पँट ती!

तर शेवटी दादाला नोकरी लागली. ना पोर्टलने, ना एटीएसने, जिलबीने. भावोजींनी खरंच नाव टाकलं होतं. ऑफिस खराडीला, म्हणजे सिंहगड रोडवरून शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. पगार पूर्वीपेक्षा कमी. ‘सीटीसी विचारू नकोस, रोल बघ,’ असं म्हणत त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि पेढा तोंडात जायच्या आत विचारलं, ‘तुझा रेझ्युमे शेवटचा कधी अपडेट केलास?’

‘अरे, मला नोकरी आहे की!’

‘तेच तर! नोकरी हातात असतानाच शोधायची असते. बस इथे. आण तो लॅपटॉप.’

‘आधी दूधवाल्याला फोन लावा,’ वहिनी आतून म्हणाली. ‘उद्यापासून एक लिटर.’