माजिवडा ते नेरूळ, व्हाया मेलबर्न

सामना दुपारी तीनचा असला की माजिवडेकर साडेअकराला घर सोडतो आणि त्याला कुणी उतावळा म्हणत नाही.

नेरूळचं डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम माजिवडा नाक्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, पण या माहितीचा नाक्यावर काही उपयोग नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रोड या तिघांनाही एकमेकांना भेटायला माजिवडाच सापडलं. वर उड्डाणपूल, आसपास मेट्रो ४ चे खांब आणि या सगळ्यातून वाट काढत गुजरातकडे निघालेले कंटेनर. इथे कुणी "किती लांब आहे हो?" असं विचारलं, की जाणता माणूस उलट विचारतो, "किती वाजता निघताय?"

मुळात नेरूळला जायचंच कशाला? ठाण्याला स्वतःचं दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह आहे, १९८२ सालचं. २०२२ मध्ये आयपीएलचे साखळी सामने वानखेडे, ब्रेबर्न, नेरूळ आणि गहुंजे अशा चार मैदानांवर वाटले गेले, तेव्हा ठाण्याच्या वाट्याला सराव आला. म्हणजे खेळाडूंनी घाम गाळायला ठाण्यात यायचं आणि ठाणेकरांनी टाळ्या वाजवायला खाडीकाठाने नेरूळला जायचं. या व्यवहारात फायदा कुणाचा झाला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

वानखेडेची गोष्ट वेगळी. ते स्टेडियमच तिकिटांच्या भांडणातून उभं राहिलं. ब्रेबर्नच्या मालकांनी, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने, मुंबईच्या क्रिकेट संघटनेला हव्या तेवढ्या जागा दिल्या नाहीत. मग शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधून घेतलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीही झाली. माजिवडेकराला हा इतिहास समजावून सांगावा लागत नाही. पार्किंगवरून एका सोसायटीच्या दोन झालेल्या त्याने पाहिल्या आहेत. वानखेडेला जायचं तर ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथून भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक सोडून चर्चगेट. सोपं आहे. म्हणूनच त्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

नेरूळचं मात्र तसं नाही. माजिवड्याच्या कुठल्याही सोसायटीत सामन्याच्या आदल्या रात्री दोन पक्ष पडतात. रस्तेवाल्यांचे पुढारी सहसा सोसायटीचे सेक्रेटरी असतात, कारण गाडी त्यांची असते. त्यांच्यातही दोन उपपक्ष. एक म्हणतो कळवा-विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रस्ता धरू. दुसरा म्हणतो मुलुंडला जाऊन ऐरोलीचा पूल उतरू, ऑक्टोबर २०२४ पासून तिथे छोट्या गाड्यांना टोलही नाही. यावर पहिला सांगतो की टोल गेला म्हणून सगळे तिकडूनच जाणार. दुसरा म्हणतो, सगळे असाच विचार करून विटाव्यावरून जाणार. बुद्धिबळातही माणूस एवढा पुढचा विचार करत नाही. आणि पाऊस असला तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं आहे का, हे विचारायला कळव्याच्या एखाद्या मावशीला फोन जातो. मावशीला वाटतं, विचारपूस करायला केला.

रेल्वेवाल्यांचा पक्ष साधा. नाक्यावरून शेअर रिक्षा किंवा टीएमटीची बस, कॅडबरी, खोपट करत ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलावर, आणि तिथून फलाट नऊ किंवा दहा. २००४ साली सुरू झालेली ट्रान्स-हार्बरची लाइन तिथूनच सुटते. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कंपन्यांचे काचेचे मनोरे. यात एकच मेख आहे. तुर्भ्याच्या पुढे या लाइनला दोन फाटे फुटतात, आणि घाईत वाशीची गाडी पकडणारा चाहता अंगात निळी जर्सी, गालावर तिरंगा अशा थाटात सानपाड्याला पोचतो. तिथे त्याच्या स्वागताला कुणी नसतं.

पनवेलची गाडी मिळाली तर पुढचा वाद जुईनगरला उतरायचं की नेरूळला, हा. स्टेडियम दोन्ही स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात, सायन-पनवेल महामार्गाला लागून आहे आणि चालायला दोन्हीकडून लागतं. डब्यात यावर मतदान होतं. नेरूळवाले आणि जुईनगरवाले एकाच वेळी प्रवेशद्वाराशी पोचतात आणि आपलाच रस्ता जवळचा असं एकमेकांना सांगतात.

२ नोव्हेंबर २०२५ हा दिवस या सगळ्या अनुभवाची वार्षिक परीक्षा होता. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, आणि वार रविवार. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्या माणसाला रविवार म्हटलं की आधी मेगाब्लॉक आठवतो, मग सुट्टी. बेंगळुरूच्या वाट्याचे सामने ऑगस्टमध्ये नेरूळकडे वळवले गेले नसते, तर ही परीक्षा द्यायची वेळच आली नसती. स्पर्धेची तिकिटं शंभर रुपयांपासून होती, अंतिम सामन्यासाठी मात्र कोण कुणाचा मित्र आहे याची सोसायटीत नव्याने मोजणी झाली.

त्यात तीनच दिवसांपूर्वीची उपांत्य लढत अजून डोक्यात होती. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, भारताच्या सलामीच्या दोघी ५९ धावांतच परत. अशा वेळी प्रत्येक गटात एक माणूस घड्याळ बघत उठतोच: "काही खरं नाही, गर्दीच्या आधी निघू." मग हरमनप्रीतच्या ८९, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७, आणि नऊ चेंडू राखून विजय. लवकर निघालेल्या माणसाला गाडीत बसायला खिडकी मिळाली, हे त्याने पुढचे तीन दिवस कुणालाही सांगितलं नाही.

अंतिम सामन्याला सेक्रेटरींनी गाडी काढली नाही. डोंबिवलीचे मेव्हणे येणार होते आणि मेव्हण्यांचा मोटारीवर विश्वास नाही. डोंबिवलीच्या माणसाला गर्दीविषयी काही सांगायला जाऊ नये. प्रवेशद्वारावरची रांग पाहून माजिवड्याची मंडळी चुळबुळ करू लागली, तेव्हा मेव्हणे म्हणाले, "यात काय? माणसाला माणूस लागत पण नाहीये."

रांगेच्या टोकाला तपासणी होती. पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही, आणि बऱ्याच स्टेडियमांत असतो तसा नाण्यांनाही मज्जाव. मैदानात नाणं भिरकावणारा माणूस कधीतरी झाला असेल. त्याच्यापायी रिक्षाचे सुटे पैसे जमवून बाळगणाऱ्या वहिनींची पर्स दोन मिनिटांत रिकामी झाली. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, आणि हा आकडा ज्यांनी काढला त्यांना सुट्ट्याची अडचण नसावी.

आत पोचेपर्यंत पाऊस. स्टेडियम मात्र देखणं. हफीझ काँट्रॅक्टर यांच्या आराखड्यावर उभं राहून २००८ साली सुरू झालेलं, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर एकही खांब न येणारं. खांबांची सगळी हौस माजिवड्याला मेट्रोवाल्यांनी भागवली असल्याने ही मोकळी नजर ठाणेकरांना जरा बुजल्यासारखी करते. तीनचा सामना पाचला सुरू झाला. दोन तास लोक झाकलेल्या खेळपट्टीकडे बघत बसले. आणि भारताचे प्रशिक्षक कोण, तर अमोल मुजुमदार. १९८८ साली शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची अभंग भागी होत असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा. त्यानंतर मुंबईसाठी हजारो धावा, पण भारताची टोपी नाही. त्यांना दोन तासांच्या पावसाचं काय?

या दोन तासांत मेलबर्न आलं. ठाण्याच्या प्रत्येक इमारतीचा एक भाचा मेलबर्नला असतो, आणि सामना पावसात अडकला की तो हमखास फोनवर असतो. भाच्याचा विषय तिकडचा फुटबॉल, ज्याला तिथे सगळे फुटी म्हणतात. एका संघात १८ खेळाडू, मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, आणि चेंडू हातात घेऊन पळायला परवानगी. क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात काय करायचं या विवंचनेतून हा खेळ घडत गेला. १८५९ साली त्याचे नियम लिहिणाऱ्यांतला टॉम विल्स स्वतः नावाजलेला क्रिकेटपटू होता. म्हणून आजही हा खेळ बहुतेक क्रिकेटच्या मैदानांवर चालतो.

"गर्दी किती असते?" मेव्हण्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

"२०२३ च्या फायनलला १,००,०२४."

"सुटे चोवीस कसले?"

"तेवढीच क्षमता आहे एमसीजीची, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडची, मामा. १९७० साली तर १,२१,६९६ आले होते." शिवाय २०२४ च्या अखेरीस भारताच्या बॉक्सिंग डे कसोटीला पाच दिवसांत ३,७३,६९१ माणसं आली. त्यातला एक तो स्वतः.

मेव्हण्यांनी लगेच गणित केलं. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजार धरले, तर एमसीजी म्हणजे बावीस-तेवीस गाड्या. "आपल्याकडे सकाळी एवढ्या जातात की." यात फुशारकी होती की तक्रार, ते कळलं नाही.

भाच्याकडे अजून माल होता. एमसीजीच्या अंगणात दोन स्टेशनं, रिचमंड आणि जॉलिमाँट. पर्थला साठ हजारांचं नवं स्टेडियम २०१८ मध्ये उघडलं, त्याला स्वतःचं स्टेशन आहे आणि फुटीच्या तिकिटातच गाडीचं तिकीट. मेलबर्नच्या राज्यात तर २०१५ पासून फायनलच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सार्वजनिक सुट्टी असते.

"आदल्या दिवशी?" सेक्रेटरी थरारले. "म्हणजे पोचायला एक अख्खा दिवस! ज्यांना गरज नाही त्यांनाच सवलती मिळतात."

इथे ठाणेकरांची बाजू मांडणं लेखकाचं कर्तव्य आहे. पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी आली. मेलबर्नमध्ये पहिली गाडी धावली सप्टेंबर १८५४ मध्ये. म्हणजे गाडीने कुठेतरी जाण्याचा ठाण्याचा अनुभव मेलबर्नपेक्षा दीड वर्षाने जास्त आहे. पण त्याच १८५३ साली मेलबर्नवाल्यांनी एमसीजीची जागा मिळवून ठेवली. ठाण्याने आधी गाडी आणली, जायचं कुठे ते सवडीने बघू म्हटलं, आणि सवड १९८२ साली मिळाली. नवी मुंबईत तर रूळही होते, महामार्गही होता, स्टेडियमही झालं. या तिघांची ओळख करून देणं तेवढं प्रेक्षकांच्या पायांवर सोडलं. अपवाद एकच आठवतो. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा इंग्लंडचा वाद्यवृंद इथे आला, तेव्हा पश्चिम रेल्वेने गोरेगावहून थेट नेरूळपर्यंत खास लोकल सोडल्या. ठाण्याहून पोचायला रोजची लाइन आहेच, असा विचार झाला असावा, आणि तो चूक म्हणता येत नाही.

पाचनंतरचा खेळ देशाने पाहिला. ऐनवेळी बदली म्हणून संघात आलेल्या शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८, भारताच्या ७ बाद २९८. पलीकडून लॉरा वोल्वार्ट एकटी लढत शतकापार गेली आणि अमनज्योत कौरच्या हातात तिसऱ्या प्रयत्नात थांबलेल्या झेलावर बाद झाली. चेंडू हवेत असेपर्यंत वहिनींनी शेजारच्या अनोळखी बाईंचा दंड धरला होता. सामना संपल्यावर दोघींनी नंबर घेतले. दीप्तीचे पाच बळी, दक्षिण आफ्रिका २४६, भारत ५२ धावांनी विजयी.

या तासांत स्टेडियममध्ये दोन धावफलक चालू होते. एक सर्वांना दिसत होता. दुसरा ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या लोकांच्या मोबाईलमध्ये, आणि त्यात परतीच्या गाड्या एकेक करून बाद होत होत्या. दक्षिण आफ्रिकेला लागणारी धावगती वाढत होती तसं ठाणेकरांचं स्टेशन गाठायला लागणारा वेगही वाढत होता. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे धावत घेतला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. कुणी उठलं नाही. उपांत्य सामन्यातला खिडकीवाला तर खुर्ची धरूनच बसला होता.

प्रेक्षकसंख्या ३९,५५५ जाहीर झाली. मेव्हण्यांच्या हिशोबाने नऊ गाड्या. मध्यरात्री नेरूळच्या रस्त्यावर मात्र गाड्या नव्हत्या, नुसते ३९,५५५ होते, आणि त्यांच्यातून हात दाखवत फिरणारे रिक्षावाले भाव पुकारत होते. मीटर हा शब्द सेक्रेटरींनी काढला, तेव्हा आजूबाजूचे लोकही हसले. शेवटी ऐरोलीपर्यंत एक टेम्पो, तिथून लग्नाहून परतणाऱ्या एका कुटुंबाची मोटार, आणि माजिवडा नाका पहाटे दोनला चक्क मोकळा. सेक्रेटरी म्हणाले, यायची खरी वेळ हीच आहे.

आता सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर नवा नकाशा टाकला आहे. मेट्रो ४ सुरू झाली की माजिवड्याहून थेट वडाळा, तिथून हार्बर लोकलने वाशीचा खाडीपूल ओलांडून नेरूळ. म्हणजे ठाण्याहून नेरूळला जायला आधी मुंबईत शिरायचं आणि मग मुंबईबाहेर पडायचं. खाली वहिनींनी विचारलं आहे की नाण्यांचं काय ठरलं. मेव्हण्यांनी कळवलं आहे की पुढच्या फायनलला ते डोंबिवलीहून दिव्याला येतील आणि दिव्याहून पनवेलची गाडी पकडून उलट्या बाजूने स्टेडियमवर चाल करून जातील. ज्यांना यायचं त्यांनी यावं, गाडीला गर्दी नसते. त्या वाक्याला आतापर्यंत चौदा हसरे चेहरे आले आहेत.