उघड्यावरचा संसार

आमची सोसायटी बांधली गेली त्या काळी पुण्यातल्या मध्यमवर्गीय माणसाची झेप आकुर्डीला तयार होणाऱ्या स्कूटरपर्यंतच जायची. बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली, आणि पुढे कितीतरी वर्षं ती नंबर लावूनच मिळायची. बिल्डरने त्या हिशेबाने घरटी एका स्कूटरपुरतं छप्पर घातलं. मोटार घेण्याचा आगाऊपणा ही माणसं करतील, असं त्या भल्या गृहस्थाला स्वप्नातही वाटलं नसावं. त्यामुळे आमच्या मोटारी कुंपणाला लागून, बारा महिने तेरा काळ उघड्यावर असतात.

त्यातही माझ्या वाट्याला पर्जन्यवृक्षाखालची जागा आली, म्हणून लोक मला नशीबवान समजतात. एप्रिलमध्ये ते खरंही वाटतं. उन्हात बंद उभ्या गाडीत तासाभरात पारा पन्नाशी ओलांडतो आणि स्टिअरिंग हातरुमालाने धरावं लागतं. पण हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पाहुणा म्हणून येऊन घरमालक झालेल्यांचे सगळे गुण त्याच्या अंगी आहेत. फांद्यांवरचे रस शोषणारे किडे वरून चिकट थेंब गाळतात. उन्हाळ्यात शेंगा पडतात, त्यांचा गर आणखी चिकट. त्यावर शेजारच्या बांधकामाची धूळ बसली, की गाडीचा मूळ रंग कोणता हे आरसी बुकात बघून सांगावं लागतं.

शिवाय झाड म्हटलं की पक्षी आले. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर ही विष्ठा वाळली, की तो थर कोरला जातो आणि पक्षी उडून गेला तरी त्याची सही राहते. खरा उपाय साधा आहे. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवायचं, मऊ झालं की अलगद उचलायचं. पण आमच्या तळमजल्यावरच्या आप्पांना दहा मिनिटं दम निघत नाही. ते माझ्यावरच्या मायेपोटी येता-जाता नखाने खरवडतात आणि म्हणतात, "हे बघा, निघालं!" निघतं खरं. रंगासकट.

"अहो, कव्हर का घालत नाही?" हाही आप्पांचाच सल्ला. या चंदेरी कव्हराबद्दल एकदा स्पष्ट बोललंच पाहिजे. ते धुळीच्या गाडीवर घातलं आणि वारा सुटला, की आतली धूळ रात्रभर बॉनेटवर पॉलिश पेपरचं काम करते. पावसाळ्यात ते ओल कोंडून ठेवतं. आतल्या गाडीला बुरशीचा वास येतो. सकाळी ऑफिसच्या घाईत ओल्या कव्हराची घडी घालायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक माणूस त्या वेळी पोळ्या लाटत असतं. मग ते तसंच बोळा करून डिकीत जातं. दिवाळीत तर रॉकेटच्या भीतीने ते काढूनच ठेवावं लागतं, म्हणजे गाडीऐवजी कव्हराला जपायचं.

पावसाळ्याचे प्रश्न वेगळे. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचला, की पाण्याची वाट बंद होते आणि ते थेट पायाशी उतरतं. गाडी आठवडाभर हलली नाही तर हँडब्रेक धरून बसतो. म्हणून तो न लावता गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला वीट लावावी. वीट मात्र नवी लावू नये. दर रविवारी ती कुणाच्या तरी कुंडीखाली सापडते.

उंदरांचं काय सांगावं! बॉनेटखालच्या वायरी कुरतडणं हा त्यांचा पिढीजात धंदा. मी डांबरगोळ्या ठेवल्या, मेकॅनिकच्या सांगण्यावरून तंबाखूची पुडी बांधली. पुडी दुसऱ्या दिवशी नव्हती. उंदराला व्यसन लागलं की वॉचमनला, हा तपास मी पुढे नेला नाही. शेवटी सोसायटीची मनीमाऊ कामी आली. ती गरम बॉनेटवर झोपते, पावलांचे ठसे काचेपर्यंत उमटवते, पण ती असली की उंदीर फिरकत नाहीत. एवढ्या सगळ्या उपायांत एका उपद्रवाने दुसरा कमी केला, असा हा एकच.

गाडी धुणारा पोऱ्या रोज पहाटे एका बादलीत आठ गाड्या उरकतो. आठवी माझी. पहिल्या सात गाड्यांची वाळू माझ्या टपावर गोल गोल फिरते आणि उन्हात त्या वर्तुळांची सुरेख नक्षी दिसते. दसऱ्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू हे होतंच. हळदीचा डाग उन्हाने उडून जातो. वर्षभरात उन्हाने गाडीवर केलेला उपकार एवढाच.

तेव्हा ज्यांची गाडी अशीच उघड्यावर असते त्यांना माझं सांगणं : कव्हराचे पैसे वाचवा. भरपूर पाणी, दोन मऊ फडकी आणि दर तीन-चार महिन्यांनी मेणाचा एक हात, एवढं पुरतं. आणि तुमच्याही तळमजल्यावर आप्पा असतील, तर त्यांना एक नेलकटर भेट द्या.