चालेना तरी विका!

सॉफ्टवेअर विकायच्या नोकरीची मुलाखत आहे, म्हणून साहेब उमेदवारापुढं पेन सरकवतात आणि म्हणतात, ‘हा मला विका.’ ज्या ऑफिसात हजेरीपासून रजेपर्यंत सगळं स्क्रीनवर चालतं, तिथं पेन मिळतो तरी कुठून? बहुधा मुलाखतीपुरता कपाटात कुलूपबंद ठेवत असावेत. एचआरच्या मॅडम सही करून काढून आणत असतील. सही अर्थात स्क्रीनवर.

बरोबर उत्तर आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पेनाचे गुण गायचे नाहीत. आधी विचारायचं, ‘सर, तुम्ही पेनानं शेवटचं कधी लिहिलंत?’ मग गरज हुडकायची, मग अडचण खाजवायची, आणि ती चांगली चिघळली की पेन पुढं करायचा. साहेब खूश होतात, कारण त्यांनी त्यांच्या मुलाखतीत हेच सांगितलेलं असतं. घोकलेल्या प्रश्नाला घोकलेलं उत्तर मिळालं की शेरा पडतो : ‘हजरजबाबी’.

आमच्या हिंगोलीकडच्या नरसीचा एक पोरगा रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये आखडून हिंजवडीला असल्याच मुलाखतीला गेला. गळ्यात चुलत भावाचा टाय. विकण्याचं त्याला नवल नाही. आषाढी उरकून परतवारीला नरसीत वारकरी येतात, तेव्हा तो लहानपणापासून प्रसादाच्या दुकानावर बसतो. पंढरपुरात खिसा रिकामा करून आलेल्या, पिशवीत आधीच प्रसाद असलेल्या माउलींना तो अजून पावशेर पेढे देतो आणि वर ‘पुढच्या साली येतो रे बाबा’ असं वदवून घेतो. बापासोबत हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊनही तो जातो. तिथला व्यापारी कांडी मटकन मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि बोली लावतो. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतेस, असं हळदीला विचारत नाही.

तर या पोरानं पेन घेतला, बायोडाटाच्या पाठीवर एक रेघ ओढली. उमटली नाही. दुसरी ओढली, तोंडाची वाफ दिली, तळहातावर घासला. रिफिल ठार वाळलेली. पोरगा म्हणाला, ‘साहेब, हा चालत नाही. दहा रुपयांची रिफिल टाकू, मग इकतो.’ साहेबांनी लॅपटॉपवर काहीतरी टकटक केलं आणि म्हणाले, ‘आम्ही कळवू.’ अजून कळवतायत.

चालत नाही ते चालत नाही म्हणणारा सेल्समन या कंपन्यांना नको, हे मात्र मला आधीच कळायला हवं होतं, कारण यांनी निवडलेले सेल्समन आमच्याकडं येऊन गेलेत. आमच्या ओळखीच्या एका अडत दुकानात असाच एक गुळगुळीत दाढीचा मुलगा हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून गेला. डेमोला घोड्यासारखं पळालं. हळदीच्या ऐन हंगामात, दारात गाड्यांची रांग लागलेली असताना, ते चाक गोल गोल फिरवत बसलं. फोन केला तर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि मागं बासरी. दुरुस्तीचे पैसे वेगळे, अपडेटचे वेगळे, माणूस यायचा तर त्याचं जाणं-येणं वेगळं. आणि तो मुलगा? त्याचं टार्गेट पूर्ण झालं, तो दुसऱ्या कंपनीत गेला. शेतकरी उन्हात पोत्यावर बसून राहिला त्याचं काय, हा प्रश्न कुठल्या मुलाखतीत विचारतात सांगा! आणि उमेदवारानं पगार विचारला तर म्हणतात, ‘फिक्स थोडा, पण इन्सेन्टिव्ह अनलिमिटेड.’ विकून कुणी दाखवलं, तर ते यांनीच, आणि तेही बेकार पोरांना.

आता गावातली पोरं पारावर बसून एकमेकांना पेन विकायचा सराव करतात. कुणीच घेत नाही, कारण समोरच्यालाही विकायचाच असतो. या सगळ्यात खरोखर पेन खपले ते एकट्या जनरल स्टोअरवाल्याचे. तो दहावी नापास आहे, आणि ‘बंद निघाला तर बदलून देतो’ म्हणतो.