श्री. कोयंडा यांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. कोयंडा,
मुक्काम : मुख्य दरवाजा, बाहेरची बाजू,
आमच्या सोसायटीतले सर्व बंद फ्लॅट, डोंबिवली (पूर्व).

विषय : गणेशोत्सवाच्या सुट्टीतील आपल्या कामगिरीबाबत खुलासा सादर करणे.

महोदय,

स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले आहेत. निम्मी सोसायटी कोकणात निघाली आहे. आठवड्याभरासाठी मागे राहणार ते टीव्ही, मिक्सर, देवघरातली चांदी, कपाटातलं सोनं आणि या सगळ्याची राखण करायला एकटे आपण. म्हणून मंडळी निघायच्या आधीच हे पत्र लिहितो आहे. नंतर लिहायची वेळ आली तर ते पोलिस लिहून घेतील.

आपलं नाव वर्तमानपत्रात जितक्या वेळा छापून येतं तितकं आमच्या माजी नगरसेवकांचंही येत नाही. 'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून' ही शब्दरचना बातमीदारांना आता तोंडपाठ झाली आहे. गाव बदलतं, ठाणं बदलतं, चोरटे कायम अज्ञात असतात, ऐवज कमी-जास्त होतो, पण कोयंडा तोच. इतक्या गुन्ह्यांत नाव येऊनही आजवर कुणी आपल्याला जाब विचारलेला नाही. सोसायटीचा सचिव या नात्याने तो मी विचारत आहे.

आधी कुलपाचं बोलू, कारण सगळे त्यालाच दोष देतात. पंचनाम्याच्या वेळी कुलूप पुष्कळदा शाबूत सापडतं. लावलेलंच असतं. फक्त ते दारावर नसून जमिनीवर असतं आणि त्याच्या कड्यात आपण अडकलेले असता, स्क्रूंसकट. म्हणजे कुलपाने आपलं काम चोख केलं, शेवटपर्यंत आपल्याला सोडलं नाही. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत कुलपं बनवायला घेतली, तेव्हापासून इथल्या माणसाचा कुलपावर विश्वास आहे आणि तो वावगा नाही. तो दुकानात उभा राहून लिव्हर किती, किल्ल्या किती, करवतीला दाद देतं का, सगळं विचारतो. आपल्याविषयी तो काय विचारतो? पैसे देऊन झाल्यावर म्हणतो, "हां, आणि एक कोयंडा टाका त्यात."

परवा मी आपल्या एका भाऊबंदाची तपासणी केली. रिकाम्या फ्लॅटचं दार होतं, मालकाची परवानगी घेतली होती. भोकं चार, स्क्रू तीन. चौथ्या भोकात ऑइलपेंट भरलेला. तिन्ही स्क्रू अर्ध्या इंचाचे आणि तिघांच्या डोक्यावरची खाच हातोडीने चेपलेली. म्हणजे सुताराने ते फिरवलेच नव्हते, खिळ्यासारखे ठोकले होते. ठोकलेल्या स्क्रूचे आटे लाकडात बसत नाहीत, ते लाकूड फाडत आत जातात आणि आपल्याभोवती भुसा करून ठेवतात. वर दार फ्लश डोअर. सनमायका, त्याखाली प्लाय आणि पोटात लाकडाचे तुकडे. कडेची पट्टी तेवढी सलग लाकडाची, आणि आपल्या भाऊबंदाला नेमकं ती सोडून बसवलेलं. मी एक स्क्रू नखाने ओढून पाहिला. आला. कटावणी घेऊन येणाऱ्या माणसाला याहून जास्त कष्ट पडत असतील असं वाटत नाही.

खुलाशात आपण म्हणाल, मला जसा बसवला तसा मी बसलो. हे म्हणणं मी अंशतः मान्य करतो. पण मग घरमालकांच्या माहितीसाठी हेही नोंदवून ठेवतो की आपल्याला आरपार नट-बोल्टने बसवता येतं. बाहेर गुळगुळीत गोल डोकं, ज्यात स्क्रू ड्रायव्हर शिरत नाही, आणि आत मोठा वायसर लावून नट. चौकट लाकडी असेल तर तिकडच्या बाजूला अडीच-तीन इंची स्क्रू, आधी ड्रिलने भोक पाडून, फिरवून बसवलेले. चार बोल्टांना दोन वडापावांपेक्षा फार जास्त पैसे पडत नाहीत आणि ड्रिलवाला माणूस अर्ध्या तासात मोकळा होतो. कोकण रेल्वेच्या तिकिटासाठी साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल धरून बसणाऱ्या आमच्या सभासदांना हा अर्धा तास मिळत नाही.

मागच्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला होता. अध्यक्ष म्हणाले, किरकोळ आहे, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. मुख्य विषय सीसीटीव्हीचा होता आणि तो इतका रंगला की आयती वेळ येईपर्यंत सामोसे संपून लोक चपला शोधायला लागले होते. कॅमेरे आले. जिन्यात 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' अशी पाटीही आली. चित्रीकरण साठवणारा डबा वॉचमनच्या केबिनमध्ये उघड्या फळीवर आहे. चोरट्यांनी जाता जाता डीव्हीआरही नेल्याच्या बातम्या आपल्या वाचनात असतीलच, आपलं नाव त्याच बातमीत एक ओळ वर असतं. वॉचमनविषयी मी वाईट बोलणार नाही. बारा तासांची ड्युटी, त्यात पाण्याची मोटर, पार्सलं आणि सभासदांच्या गाड्या धुणं. त्याला राखणीला वेळ मिळत असेल तर तो देवमाणूस आहे.

आता आपल्या सहचारिणी सौ. कडी. त्यांच्यावरचा आरोप आपल्याहून गंभीर आहे. आपण नुसते दुबळे आहात, त्या चोराला सामील आहेत. एक फ्लॅट फोडण्याआधी मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या लावून टाकायच्या, ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. आवाजाने शेजारी जागे होतात, दार ओढतात, दार उघडत नाही. स्वतःच्या घरात कोंडलेला माणूस फार तर 112 ला फोन लावू शकतो. ज्या दाराला आतलं चांगलं लॅच आहे त्याला बाहेरच्या कडीची गरजच काय, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. "बिल्डरने दिलीये" याव्यतिरिक्त उत्तर मिळालं नाही. ती काढून टाकायला एक पैसा लागत नाही. शिवाय बाहेर लोंबणारं कुलूप जिन्यातून वर येणाऱ्या प्रत्येकाला 'घरात कुणी नाही' एवढं मात्र ठळक सांगतं.

लॅचवाल्यांनीही फुशारून जाऊ नये. दार नुसतं ओढून घेतलं की लॅचची तिरकी जीभ स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली असते, फटीतून प्लास्टिकची कडक पट्टी सरकवली की ती मागे हटते. बहुतेक लॅचमध्ये बाहेरून किल्ली आणखी फिरवली तर जीभ पक्की अडकते. ही सोय दाराबरोबर फुकट मिळालेली आहे. पण खाली रिक्षा थांबलेली, वरून "अहो, चला ना" चालू, तेव्हा किल्ली फिरवतो कोण?

कायद्याने हे सगळं आपल्या आधीच ओळखलं होतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 445 मध्ये घरफोडी कशाला म्हणायचं ते सांगताना उदाहरणं दिली होती. एकात माणूस दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलतो. दुसऱ्यात घरमालकाची हरवलेली किल्ली कुणाला सापडते आणि तो तिने दार उघडून आत शिरतो. दोन्ही घरफोडीच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, 445 च्या जागी कलम 330 आलं. कलम 331 प्रमाणे चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर 10 वर्षांपर्यंत आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान फोडलं तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलमं बदलली, आम्ही जिथल्या तिथे. तारेचीही गरज आम्ही ठेवलेली नाही. आमच्याकडच्या सेफ्टी डोअरच्या जाळीतून कोपरापर्यंत हात आत जातो आणि आतली कडी बरोब्बर त्या हाताखाली येते. जाळीच्या तेवढ्या भागावर आतून ॲक्रिलिकचा तुकडा ठोकायचा, बस. हरवलेल्या किल्लीबद्दल म्हणाल तर आमच्याकडे किल्ली हरवतच नाही. ती मीटरच्या पेटीत, चपलांच्या रॅकमध्ये नाहीतर तुळशीच्या कुंडीखाली असते, आणि ते दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असतं. कपाटाची किल्ली कपाटावर.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या बाहेरून एकेक उपसता येतात, तिथे लोखंडी गज हवेत. सरकत्या खिडकीच्या खाचेत आतून मोडक्या झाडूचा दांडा मापाने कापून टाकला की खिडकी सरकत नाही. वाड्यातल्या माणसाला दारामागे अडसर घालायला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

आणि स्टेटस. पनवेल सुटायच्या आत 'येवा कोकण आपलोच असा' लिहून सहकुटुंब फोटो टाकायचा, परतीच्या तारखेसह. दूध आणि पेपर मात्र बंद करायचे राहून जातात. मग तिसऱ्या दिवशी दारात पिशव्यांचा ढीग. फोटो परत आल्यावर टाकला तर समुद्र काही आटत नाही. समोरच्या काकूंना सांगून जाण्यासारखा स्वस्त उपाय नाही, पण काकूंशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे, त्याला मी काय करणार?

तरी वरील सर्व बाबींचा विचार करून खालील आदेश देण्यात येत आहे. लॅच असलेल्या सर्व दारांवरून आपणास व सौ. कडी यांना बाहेरच्या बाजूने तत्काळ कार्यमुक्त करण्यात येत असून आपली बदली दाराच्या आतल्या बाजूस, आरपार बोल्टसह करण्यात येत आहे. लॅच नसलेल्या दारांवर आपण आहात तिथेच राहाल, मात्र बोल्ट लागेपर्यंत आपली सेवा तात्पुरती समजण्यात येईल. ज्या सभासदांना ड्रिलवाला हवा आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांकडे नाव द्यावं. आजपर्यंत दोन नावं आली आहेत, त्यातलं एक माझं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव

प्रत माहितीसाठी :
1. श्री. बिजागरी, सर्व दारे. आपलेही स्क्रू पाहण्यात येणार आहेत.
2. तुळशीची कुंडी, फ्लॅट क्र. 304 समोर. खालची किल्ली पत्र मिळताच काकूंकडे जमा करावी.
3. मा. अध्यक्ष. आयत्या वेळच्या विषयांत घेण्यासाठी.