865 गावं आणि एक ठसका

सीमाभागातल्या माणसाच्या फुफ्फुसावर हक्क कोणाचा, हा दावा अजून कोणी दाखल केलेला नाही. जमिनीचा मात्र 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. निपाणी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना हवी आहे. बेळगाव तर कर्नाटकाला इतकं हवं, की 2012 मध्ये तिथं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं आणि दोन वर्षांनी शहराचं सरकारी नावही बदललं. महाराष्ट्र तरी मागे कसा राहील? त्यानं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, आणि कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी लगेच हरकत घेतली. रोग्याला औषध कोणी द्यायचं यावरून दोन सरकारांत जुंपावी, एवढं भाग्य फार थोड्या रोग्यांच्या वाट्याला येतं. तंबाखूच्या वखारीतल्या बाईला दम कशानं लागला, हे कागदावर लिहून द्यायची वेळ येते तेव्हा मात्र दोन्ही सरकारं कमालीची नम्र होतात. ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत दोघंही दारातच थांबतात.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ. वाळका पाला कुटायचा, चाळायचा, काडी वेगळी करायची, पोती भरायची. वखारीतलं हे काम मुख्यतः बायकांचं. नाकाला बांधलेला पदर ही त्यांची सुरक्षा योजना, आणि तिचा खर्चही त्यांचाच. या बायकांनी 1980 च्या सुमारास संघटना बांधली, संप केले. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटानं 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. तेव्हा ही धूळ कोणाला ठाऊक नव्हती असं म्हणायची सोय नाही. ती पडद्यावर दिसलेली आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, 6 एप्रिल 1981 ला, तंबाखूच्या भावासाठी बसलेल्या शेतकऱ्यांवर निपाणीत गोळीबार झाला. त्यात गेलेल्यांची गणती तरी झाली. तंबाखूच्या धुळीनं जी गेली ती ‘दम्यानं गेली’, आणि दमा पडला घरचा आजार. त्याचा जाब मालकाला कोण विचारणार?

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे, आणि यादीही आहे. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 आजार आहेत. सिलिकोसिस आहे, अ‍ॅस्बेस्टोसिस आहे, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिसही आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यात तर उसाच्या चिपाडाच्या धुळीलाही मानाची जागा आहे. या भागात ऊस कुठंही पुढंच असतो. तंबाखूचं नाव मात्र दोन्हीकडे नाही. सेंद्रिय धुळीच्या सर्वसाधारण कलमात ती बसवता येते, असं वकील सांगतील, आणि ते खरंही आहे. पण त्यासाठी डॉक्टरचं निदान हवं, शिवाय आपण त्याच वखारीत कामाला होतो याचा पुरावा हवा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये बजावलं. जिचं नाव हजेरीपटावरच नाही, तिची नोंद कोणत्या कपाटातून काढणार? बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत राबणाऱ्या कंत्राटी माणसाचीही तीच गत. त्याचा आजार यादीत आहे, पण तो स्वतः कुठल्याच यादीत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: या बायका मिशेरी लावतात, मग धुळीला कशाला दोष? वाहवा! ज्यानं पोतीभर तंबाखू विकली तो निर्दोष, आणि जिनं चिमूटभर दातांना लावली ती अपराधी. मिशेरीनं अपाय होतोच, पण म्हणून चाळणीची धूळ फुफ्फुसात जायची थांबत नाही. उलट अशा बाईची छाती आधी तपासायला हवी. दुसरा आक्षेप असा, की फार खोलात गेलात तर धंदा बसेल आणि याच बायका उपाशी मरतील. ही भीती खोटी नाही, म्हणून तिची चेष्टा करणार नाही. पण धूळ ओढून घेणारा पंखा, झाकलेली चाळणी आणि वर्षाकाठी छातीची तपासणी एवढ्यानं बसणारा धंदा आजवर नफ्यावर चालला होता की उधारीच्या श्वासांवर, हे एकदा वहीत मांडून पाहावं. विडीच्या पुडक्यावर 85 टक्के जागेत धोक्याचा इशारा छापावा की नाही, यावर हाच धंदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला, तरी बसला नाही. तो इशाराही ओढणाऱ्यासाठी. चाळणारीला तो कोण देणार?

मग करायचं काय? वाट दाखवणारी माणसं दुसऱ्या एका सीमेवर आहेत. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धारचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडे दगड दळायला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. घर एका राज्यात, कारखाना दुसऱ्यात. दोघांनाही हात झटकायला उत्तम सोय. पण तिथं सिलिकोसिस पीडित संघासारख्या संघटना गावोगाव फिरल्या, रोग्यांची आणि मृतांची यादी केली, ती मानवी हक्क आयोगापुढं नेली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचे आदेश गुजरातला दिले. राजस्थाननं तर 2019 मध्ये धुळीच्या आजारांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. दोन्हीकडे पीडितांचा पाठपुरावा आधी होता, सरकारची दया मागाहून आली.

निपाणीत संघटनेचा वारसा आहे, बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि मोर्चे काढण्यात तर हा भाग कोणाला हार जाणार नाही. तेव्हा कामगार संघटनांनी, महिला मंडळांनी आणि सीमाप्रश्नासाठी झटणाऱ्या मंडळींनीही गल्लीगल्लीतून एक वही फिरवावी: नाव, वखार किंवा फाउंड्री, किती वर्षं, कोणतं काम, शेवटचा एक्स-रे कधी. वही मराठीत लिहा की कन्नडमध्ये, प्रती मात्र दोन काढा. एक मुंबईला पाठवा, एक बेंगळुरूला, आणि दोन्हीची पोच घ्या.